साक्षीला चांगलं ऐकू येतं

राम राम मंडळी. मी सातवीच शिकलोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी नात साक्षी सहा वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी नांदेडच्या डॉक्टरांनी तिला ऑटिझम असल्याचं सांगितलं. अहमदपूरला परतल्यावर मी गल्लीत सांगितलं, पोरीला कमी ऐकू येतं. कानाचं दुखणं लोकांना कळतं, हे कळलं नसतं.

आज आठ दिवसांनी पाण्याचा टँकर आला. घागरी घेऊन झुंबड उडाली. शेजारच्या कौसाबाई मायेनंच साक्षीच्या कानाशी वाकल्या आणि ओरडल्या, "साक्षे, बाजूला सरक गं!"

पोर दोन्ही कान दाबून किंचाळत पळाली, ती थेट रिव्हर्स येणाऱ्या टँकरकडं. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. चाक हातभर लांब राहिलं.

कौसाबाई रडकुंडीला आल्या. "आबा, हिला ऐकू येत न्हाई म्हणून ओरडले हो!"

"येतंय. आपल्यापेक्षा जास्त येतंय. मीच खोटं बोललो. तिला ऑटिझम हाय." सगळ्यांदेखत बोललो.

"आन् मी चार महिने तिच्या कानात बोंबलत राहिले! जीभ झडली होती का तुमची?"

दुपारी त्या आमच्या दारात आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "साक्षी." पोरीनं वर बघितलं नाही, पण एका कानावरचा हात काढला.

शाळेतही मी कानाचंच सांगून ठेवलंय. उद्या तिथं खरं सांगायला जायचंय. तुमच्याही घरी ऑटिझम असलेली लेकरं आहेत, तुम्ही लोकांना पहिल्यांदा कोणत्या शब्दांत सांगितलं?