भरलेली टाळू

पाच-सहा वर्षांपूर्वी मी साठीची अल्लड पोर होते. नाहूरच्या आमच्या सोसायटीत समोरच्या दारातली मैत्रीण म्हणेल ते माझ्यासाठी शेवटचं. तिची नात माझ्या नातवाहून दोन महिन्यांनी मोठी, म्हणून ती सीनियर! बाळाची टाळू तेलाने कशी भरायची हेही मी तिच्याकडून नव्याने शिकले. जणू माझा मुलगा मी दुकानातून आयता वाढलेला आणला होता.

"मेंदूज्वराची ती सुई कशाला गं?" ती म्हणायची. "आमच्या पोरीला टोचलीच नाही. बघ, कशी ठणठणीत! रोज टाळू भर, बास."

सून घुटमळली. पण समोर ती गुटगुटीत नात रांगत होती ना! थोडा मोठा होऊ दे, मग देऊ, असं घरात ठरलं. सगळ्यांत आधी मान डोलली ती माझी.

नातू नऊ महिन्यांचा होता. एका सकाळी तापला, ओकला, उचललं की किंचाळायला लागला. तेल लावताना टाळू हाताला वर आलेली, घट्ट लागली. मी मैत्रिणीला हाक मारली. तिने बोटाने चाचपलं. "अगं, भरली की टाळू! तेल जिरलं." मला अभिमान वाटला. हो, अभिमान! सुनेने आम्हा दोघींच्या मधून पोर उचललं आणि रिक्षा पकडली.

जंतूंमुळे मेंदूच्या आवरणाला सूज आली होती, त्या दाबाने टाळू फुगली होती. लस घेतली असती तर बहुतेक टळलं असतं, डॉक्टर म्हणाले. पोर वाचलं. डावा कान गेला, उजव्याला यंत्र लागलं.

मग मैत्रिणीची सून त्याला बघायला आली. लशीचा विषय निघाला, तशी सहज म्हणाली, "आमच्या पिल्लूच्या सगळ्या वेळच्या वेळी झाल्यात, काकू. मांडी सुजली की आईच तर गार पाण्याच्या घड्या ठेवायच्या."

आई म्हणजे तिची सासू. माझी मैत्रीण.

मी जाऊन विचारलं. "अगं, बोलण्याच्या भरात गेलं तोंडून," ती म्हणाली. "तू खरंच थांबशील, हे मला काय माहीत?"

परवा लिफ्टमध्ये भेटली. माझ्या धाकट्या नातीला लस द्यायला आम्ही निघालो होतो, नातू माझं बोट धरून. ती त्याच्या डाव्या कानाशी वाकली, हळूच म्हणाली, "काय रे सोन्या, बोलत नाहीस आजीशी?"

त्याने वळूनही बघितलं नाही.

या बाजूला येऊन बोल, एवढंच सांगायचं होतं. मी लिफ्टचे आकडे बघत राहिले.