रेघेवर चालवलेला घोडा

घोड्याला दारुड्यासारखं रेघेवरून चालवून पाहणारा फौजदार कोल्हापूर संस्थानात मी एकटाच झालो असेन. त्यामुळे ती सकाळ विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही.

पागेसमोरचा दुकानदार खबर घेऊन चौकीत आला. "सायेब, मोतद्दार सरकारी घोड्याला दारू पाजतंय. घोडं पार झिंगलंय की!"

खरं निघालं तर घोड्यांची निगा राखणाऱ्या त्या मोतद्दाराची नोकरी जाणार आणि वर तुरुंग. मी लगेच गेलो. धुकं अजून रेंगाळत होतं. त्यात तो पांढऱ्या नाकाचा घोडा झोपेत चालल्यासारखा एकाच अंगानं गोल गोल फिरत होता. मधेच भिंतीला कपाळ टेकून उभा राही, जांभई देई. बघता बघता मीही दोन जांभया दिल्या. दारुड्याला चुन्याच्या रेघेवर चालवायचं, ही आमच्या चौकीची परीक्षा. तीच घेतली. घोडा रेघ सोडून माझ्या अंगावर आला. मी पापणी ओढून डोळा पाहिला आणि पंचनाम्यात लिहिलं, 'नशेत.'

मोतद्दार पिकल्या दाढीचा मुसलमान गृहस्थ. त्याला चौकीत आणून बसवलं.

"काय पाजलंस?"

"पानी. त्येबी धड पीत न्हाय."

"खरं बोल!"

"बोलतो की. पन आदी त्येला सावलीत बांधाया सांगा, सायेब. उन्हानं नाकाची पांढरी कातडी सोलून निघालीया."

गुन्हेगार आधी स्वतःचं सांगतो. हा घोड्याशिवाय बोलेना. मी घोडा सावलीत बांधायला लावला आणि दरबारच्या घोडेडॉक्टरांना बोलावलं.

"डोळा कसा होता, फौजदार?"

"पिवळा."

"दारूनं डोळा लाल होतो. ही कावीळ आहे. यकृत निकामी झालंय, म्हणून रक्तातलं विष डोक्यात चढलंय."

त्यांनी पागेत जाऊन गंजीतला चारा उपसून झटकला. वाळल्या शेंगा खुळखुळल्या. चाऱ्यात मिसळलेल्या त्या विषारी खुळखुळ्याच्या झुडपानंच कित्येक महिने हळूहळू घात केला होता. गंजी तिथंच पेटवली. बाकीचे घोडे वाचले. मोतद्दार दिवेलागणीला सुटला, नोकरीही राहिली. त्याचा घोडा मात्र काही दिवसांनी सावलीत, त्याच्याच मांडीवर मान टाकून गेला.

तेव्हापासून झोकांड्या खाणारा माणूस दिसला, की मी आधी डोळ्याचा रंग बघतो आणि मग चुना मागवतो.

मोतद्दाराची सुटका झाली त्या रात्री जेवताना हा सगळा पराक्रम मी घरी रंगवून सांगितला. बायको ताटात भाकरी वाढता वाढता थांबली.

"सकाळधरनं बसवून ठेवलंत त्या माणसाला," ती म्हणाली. "घोड्याला सावलीत बांधलंत, ब्येस केलंत. पन तो माणूस जेवून गेला का न्हाय?"