आंबागड, चिखला आणि परतीची दोन तिकिटं

चिखल्याला जायचं ठरलं तेव्हाच मी नागपूर-पुणे परतीची दोन तिकिटं काढून ठेवली. एक माझं, एक सुजाताचं. आम्ही दोघी पुण्यात एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो, विषय न्यूट्रिनो या सूक्ष्म कणाच्या वस्तुमानाची मॉडेल्स. दिवाळीला ती चिखल्याला घरी गेली आणि परतलीच नाही. महिनाअखेर तिची नोंदणी संपत होती. फोनवर नुसतं "बघू" म्हणायची. समोरासमोर बोललं की येईल, हे मी धरून चालले होते.

नागपूरहून भंडाऱ्याला बस सहज मिळते. तुमसरची बस धरण्याआधी मी रिक्षाने कारध्याला जाऊन आले, वैनगंगेवरचा पूल पाहायला. सकाळी जा, पुलावर सावली नाही. फोटो काढताना रिक्षावाले काका म्हणाले, "पूल पाहाले कोनी येत नाही ताई. लोकं पूल ओलांडाले येतेत."

तुमसरच्या पुढे मँगनीजच्या ट्रकांनी रस्त्याच्या कडा काळ्या केल्या आहेत. बसच्या खिडकीशी बसलात तर ओढणी तोंडावर घ्या. राहायला तुमसरला साधी लॉज आहेत. मी पुढे चिखल्याला, खाणीच्या कामगार वसाहतीत सुजाताच्याच घरी उतरले.

"जय भीम" म्हणत काकूंनी, सुजाताच्या आईने, पाणी दिलं आणि लगेच विचारलं, "काहून वो बाई, तिले न्यायले आली काय?"

"भेटायला आले," मी म्हणाले.

काका, म्हणजे सुजाताचे बाबा, खाणीतून निवृत्त झालेले. जेवताना म्हणाले, "तुमचा थो न्यूट्रिनो आमच्या खाणीतून बी आरपार जाते म्हने?"

"हो."

"काही न खोदता?"

"काहीच न करता."

"मंग त्याच्यावर पगार कायचा घेता तुम्ही?"

सुजाता खळखळून हसली. पुण्यात शेवटी शेवटी ती अशी हसल्याचं मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी तिच्या स्कूटरवर आंबागडच्या किल्ल्यावर गेलो. पाणी खालच्या गावातूनच भरून घ्या. चढ फार नाही, पण दगड निसरडे आहेत. वरून धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि त्यापलीकडचं जंगल दिसतं. काकूंनी बांधून दिलेले लाखोरीच्या डाळीचे वडे खाल्ले आणि मी पिशवीतून आमचा आलेख काढला. "सगळे ठिपके जुळले."

"जुळतीलच ना. मोजलेले आकडे आपणच आधी आत भरले."

ते खरं होतं. आमची पद्धतच तशी आहे: जे मोजलं गेलंय ते समीकरणात आधी बसवायचं, जे मोजता येत नाही ते एका मॅट्रिक्समध्ये मोकळं सोडायचं. ते मॅट्रिक्स कसंही फिरवा, उत्तर मोजमापाशी जुळतंच.

"मी म्हटलं होतं, वस्तुमानाच्या मॅट्रिक्समध्ये दोन ठिकाणी शून्य टाकून पाहू," ती म्हणाली. "मोकळीक कमी झाली असती. एखादं मॉडेल खोटं ठरून मेलं असतं. मले मरू शकनारं मॉडेल पाहिजे होतं. सर नाही म्हणाले, आणि तू गप्प बसलीस."

"आता इथे काय करतेस?"

"तुमसरच्या कॉलेजात अकरावीले शिकवून राहिली. पोट्ट्याचं गणित चुकलं, तर चुकलं म्हनता येते."

मी तिकिटाचं सांगितलं.

"मले विचारलं नव्हतंस."

"नाही."

"रद्द कर. थोडे पैसे परत भेटतीन."

मी रद्द केलं नाही. नागपूरपासून शेजारची जागा रिकामी आली. मनमाडला एका आजोबांनी विचारलं तेव्हा त्यांना बसू दिलं.

आंबागडला जरूर जा. चिखल्याला कोणी ओळखीचं असेल तरच जा.

महिना संपला, नोंदणीही संपली. काल वस्तुमानाच्या मॅट्रिक्समध्ये तिने सांगितल्याप्रमाणे दोन शून्यं टाकून पाहिली. मॉडेल मोजमापाशी जुळलं नाही. अगदी स्वच्छ, वाद न घालता येण्याजोगं चुकलं. हे सांगायला मी खुर्ची वळवली. तिचं टेबल आता नव्या विद्यार्थ्याला दिलंय. तो जेवायला गेला होता.