गाडीले आतून कडी कायले?

रिटायर झालेल्या शाळेच्या बाईनं पुढे काय करायचं, हे आमच्या पांढुर्ण्यात आधीच ठरलेलं आहे. तिनं नातवंडं सांभाळावी, भिशी लावावी, संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसून गुडघ्यांबद्दल बोलावं. मी गुडघ्यांबद्दल काही बोललेच नाही. एका सकाळी यांच्यापुढे चहा ठेवता ठेवता सांगून टाकलं, की मागचा रिकामा गोठा पाडून तिथं मला एक खोली बांधायची आहे आणि त्या खोलीत मी सुतारकाम करणार आहे.

यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कप खाली ठेवला.

"कोणतं काम?"

"सुतारकाम."

"मंग सुताराले बोलाव ना! तुले कायले पाहिजे खोली?"

आता काय सांगावं या माणसाला! हे जन्मभर सरकारी टेबलाशी बसलेले. घरातल्या पाटाचा पाय कोण बसवतं, कपाटाचं दार कोण रंधून घेतं, हे यांना कधी दिसलंच नाही. मी रामाकोन्याकडची. आमचा संत्र्याचा बगिचा होता. बहार निघाला की बांधावर बसून लाकडी पेट्या ठोकाव्या लागत, आणि माझ्या भावांपेक्षा माझा हात जलद चालायचा. लग्न झालं, नोकरी लागली, भूमिती शिकवली, पण तो हात काही शांत बसला नाही. फक्त त्याला जागा नव्हती. स्वयंपाकघरात फळी कापायला घेतली की कोणीतरी जेवायला येई, ओसरीवर घेतली की पाहुणा येई, आणि मग "उचल ते" व्हायचं. मला एकच पाहिजे होतं. अर्धं झालेलं काम जिथं अर्धंच पडून राहील आणि कोणी "उचल ते" म्हणणार नाही, अशी एक जागा. पैसे माझे होते, गोठा रिकामा होता. शेवटी हे "कर बाप्पा, कर" म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

एवढ्यावर थांबले असते तर हे लिहायची वेळच आली नसती.

विटा पडल्या तशी सकाळी फिरायला जाणारी यांची मित्रमंडळी दारात उभी राहिली. "काय बांधून राहिले साहेब?" आता बायको सुतारकाम करणार आहे, हे सांगायची यांना लाज. लोक म्हणतील, पेन्शन पुरून नाही राहिली वाटते, बाईला रंधा मारावा लागून राहिला. म्हणून हे सरळ म्हणाले, "गॅरेज."

आमच्याकडे एक स्कूटी. तीही माझी.

मला असा राग आला म्हणता! मी आत जाऊन भांडी आपटली. पण मोहल्ल्यात बातमी पसरली आणि सगळ्यांना ती लगेच पटली. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून आमच्या गावाचं नाकच वर गेलेलं आहे. रस्ता तोच, खड्डे तेच, पण आता ते जिल्ह्याचे खड्डे. अशा ठिकाणी चांगल्या घरात गाडी नाही म्हणजे काय? गॅरेज म्हटल्यावर कोणी पुढे विचारलंच नाही.

पण मिस्त्रीनंही ते ऐकलं, आणि माझे हाल सुरू झाले.

मी म्हटलं, या भिंतीत मोठी खिडकी पाहिजे. मिस्त्री म्हणे, "मॅडम, गाडीले हवा लागते काय?" मी म्हटलं, भिंतीला सगळीकडे प्लग पाहिजेत. तो म्हणे, "एवढे?" तेवढ्यात हे मागून आले आणि छाती काढून म्हणाले, "पुढं इलेक्ट्रिक घ्यायचा विचार आहे." मी तोंडाला पदर लावला. प्लग बसले, खिडकी बसली, लोखंडी दार बसलं. दाराला बाहेरून एवढं मोठं कुलूप, एवढी जाड कडी. आतून मात्र काहीच नाही.

"आतून कडी लाव," मी म्हटलं.

मिस्त्रीनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की बाईचं डोकं बरं आहे ना. "मॅडम, गाडीले आतून कडी कायले? गाडी काय आतून लावून घेते?"

तिथले मजूर हसले, हे हसले, शेजारच्या काकू कुंपणापलीकडून हसल्या. कडी राहून गेली.

गॅरेज तयार झालं तसा लोकांचा पुढचा प्रश्न आला. गाडी कधी? हे आधी म्हणत, पाहून राहिलो. मग म्हणू लागले, पितृपक्ष होऊन जाऊ द्या. मग कोणीतरी रंग विचारला, तर हे म्हणाले, पांढरा. रंग सांगितला तेव्हाच मी समजले, आता हा माणूस गाडी आणल्याशिवाय राहत नाही. आणि खरंच, एका रविवारी मित्राला घेऊन नागपूरला गेले आणि एक जुनी पांढरी कार ठरवून आले. यांना गाडी चालवता येत नाही, हे सांगायचं राहिलंच.

त्या दिवशी मी भांडले. अगदी तोंड भरून भांडले. माझा सुतारकामाचा ओटा त्या खोलीत बसला होता, त्याला लाकूड पकडायचा शिकंजा ठोकला होता, रंधा, करवत, पटाश्या भिंतीला टांगल्या होत्या. "हे सगळं कुठं नेऊ?"

हे म्हणाले, "थोडं बाजूले सरकव ना. गाडी काय सारा दिवस आत थोडीच राहते? खोली रिकामी असली की कर तुझं खुटखुट."

खुटखुट! मला रडू आलं, सांगायला काय लाज. जन्मभर सरकवतच आले होते. आता स्वतःच्या पैशानं बांधलेल्या भिंतीतही सरकवायचं. शेवटी मी एवढंच म्हटलं, "बोळीतलं वळण पाहून घ्या एकदा. गाडी वळणार नाही."

रस्त्यावरून आमच्या घराच्या बाजूनं एक बोळ मागे जाते आणि गोठ्याजवळ काटकोनात वळते. हे माझ्यावर हसले. "अवं, बाबांची कापसानं भरलेली बैलगाडी जायची इथून! कार काय तिच्यापेक्षा मोठी हाय?"

मित्रमंडळींनीही माना डोलावल्या. बैलगाडी जायची, हे त्या सगळ्यांनी लहानपणी पाहिलेलं. पण कशी जायची, ते कोणाला आठवलं नाही. वळणापाशी बैल सोडायचे, चार माणसं धुरा उचलायची आणि दोन चाकांची ती गाडी जागच्या जागी फिरवायची. मी भूमिती शिकवलेली बाई. एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा नाही सांगितलं.

गाडी आली ती आधी जामसांवलीला गेली. आमच्याकडे कोणतंही वाहन हनुमानाच्या पाया पडल्याशिवाय घरात येत नाही. तिथून ती झेंडूचा हार घालून, बॉनेटवर शेंदराचं स्वस्तिक काढून आली. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, पेढे वाटले. शेजारच्या काकूंनी ओवाळलं. स्टीअरिंगवर यांचा मित्र, शेजारी हे, चेहरा नवरदेवासारखा. आणि अख्ख्या मोहल्ल्याच्या देखत गाडी बोळीत शिरली.

सरळ तर गेली. मग वळणापाशी थांबली. मागे आली, पुढे गेली, मागे आली. एका बाजूनं घराचा कोपरा, दुसऱ्या बाजूनं कुंपणाची भिंत. "आरसे मोडा!" कोणीतरी ओरडलं. आरसे दुमडले. "इकडे घ्या, इकडे!" "अबे तिकडे नाही!" जेवढे लोक तेवढे ड्रायव्हर. एकानं तर, खोटं नाही सांगत, चड्डी वर खेचून आवाज दिला, "उचला रे मागून!" आणि चार भली माणसं खरंच वाकली. बापजाद्यांची सवय, हाताला आपोआप आठवली. कार काही उचलली गेली नाही, एकाची कंबर तेवढी धरली. गाडीच्या अंगावर दारापासून दिव्यापर्यंत लांब ओरखडा पडला. मग ती उलटी, हळूहळू, हारासकट बोळीबाहेर निघाली. लोकांनी हातातले पेढे संपवले आणि गेले.

मी खिडकीतून पाहत होते. हसू आलं होतं, पण यांचा चेहरा पाहिला आणि हसू आतच राहिलं. माणूस इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता.

तेव्हापासून गाडी रस्त्यावर, ताडपत्रीखाली. खोली माझी.

असं मला वाटलं! थंडी आली. सातपुड्याच्या पायथ्याची थंडी, पौषात बोटं अशी आखडतात की पटाशी धरताच येत नाही. मी एका जुन्या टिनाच्या डब्याची शेगडी करून घेतली, तिला पत्र्याचं धुराडं लावून ते भिंतीतून बाहेर काढलं, खाली विटा रचल्या, लाकूड-भुसा दूर दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला. जळणाला पऱ्हाट्या. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्यांचे ढीगच्या ढीग पडलेले असतात, आणा म्हटलं तर लोक आणून टाकतात. खोली अशी मस्त उबदार झाली, की माझी बोटं पुन्हा माझं ऐकू लागली. मी स्वतःसाठी एक टेबल करायला घेतलं. आयुष्यभर पलंगावर पेपर तपासले, आता टेबल.

पण अख्ख्या घरात ऊब तेवढीच. आधी हे आले, "पाहतो काय करून राहिली." मग फिरायला जाणारी मंडळी आली. मग ती रोज येऊ लागली. माझ्या ओट्यावर चहाचे कप, करवतीवर मफलर, आणि टेबलाच्या अर्धवट झालेल्या पायांवर पत्त्यांचा डाव. "तुमी करा ना वहिनी तुमचं काम, आमी काय तुमाले अडवून राहिलो?" बाहेरचं एवढं मोठं कुलूप काय कामाचं होतं? त्याची एक चावी यांनी शेजारच्या काकूंकडे ठेवली होती, अडीनडीला म्हणून, आणि एक मित्राकडे. चोराला येण्याची गरजच नव्हती.

एक दिवस सकाळी मी बाजारातून एक साधी कडी आणली. कोणाला सांगितलं नाही, मिस्त्रीला बोलावलं नाही. दाराच्या लोखंडाला भोकं पाडली, स्क्रू आवळले. मग कडी लावून घेतली आणि रंधा उचलला.

थोड्या वेळानं दार ढकललं गेलं. मग जोरात ढकललं गेलं.

"अवं, दार अडकलं!"

"अडकलं नाही. लावलं."

मग यांचा आवाज, "घरात कोणी आतून कडी लावते? कोणापासून?"

"तुमच्यापासून," मी म्हटलं.

मंडळी गेली. हे फुगले. पेपर उभा धरून जेवण. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण कडी मी काढली नाही. मंडळींनी मग दुसरी कोणाची तरी शेकोटी शोधली, आणि हे दिवसभर गाडीत जाऊन बसू लागले. ताडपत्री वर करायची, काच लावायची, रेडिओ लावायचा. लोक विचारत, "कुठं निघाले साहेब?" हे म्हणत, "बॅटरी उतरू नये म्हणून."

मग एका दुपारी मावठा आला. बारीक पाऊस, झोंबणारा वारा. टेबलाचे पाय बसवून झाले होते. मी खुर्चीवर बसून शेगडीकडे हात केले होते आणि काहीही करत नव्हते. तेवढ्यात दारावर टकटक झाली. ढकलणं नव्हे, टकटक.

"काय?"

"मी येऊ काय आत?"

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं आत येऊ काय असं कुठल्याच दाराशी विचारलं नव्हतं. हात कडीकडे गेलाही. मग तो मी परत मांडीवर ठेवला.

"आता नाही," मी म्हटलं. "चार वाजता या."

मला वाटलं, आता दारावर लाथ बसते. पण बाहेरून एवढंच आलं, "बरं." पावलं बोळीतून गेली, गाडीचं दार उघडलं, लागलं. मी तशीच बसून राहिले. काही काम नव्हतं, कोणी येणार नव्हतं, आणि मी नाही म्हटलं होतं. पावसाचे थेंब पत्र्यावर पडत होते. मला इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले.

चार वाजता पुन्हा टकटक झाली. कडी काढली तर हे दारात उभे, केस विंचरलेले, स्वेटरची बटणं लावलेली, हातात ट्रे आणि त्यात दोन कप. चहा स्वतः केलेला. चपला बाहेर काढून आत आले, टेबलाकडे पाहिलं, पण त्यावर ट्रे ठेवला नाही.

मी एक कप उचलून घोट घेतला. चहात साखर घालायची राहिली होती. मी दुसरा घोट घेतला. हे दोन्ही हातांनी ट्रे धरून तसेच उभे होते. मी "बसा" म्हटलं, तेव्हा बसले.