चौथ्या पिलरवरचा आठ

ते प्रकरण आठवले की आजही माझे डोके तापते. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी याहून भयंकर गोष्टी पाहिल्या आणि घरी येऊन नीट जेवलोही. इथे तर कुणाला साधे खरचटलेही नव्हते. एक जुनी गाडी गेली होती, इतकेच. तिच्या मालकाच्या, म्हणजे काकांच्या, स्मृतिदिनाला दर वर्षी त्यांच्या मुलीचा फोन येतो. या वर्षी तो ठेवला आणि ठरवले, एकदा हे लिहून काढावे. नावे कुणाचीच देणार नाही. मी त्यांना काकाच म्हणत असे, इथेही तेच म्हणतो.

तेव्हा मी टोरांटोच्या पश्चिमेकडच्या एका पोलीस ठाण्यात मालमत्तेच्या गुन्ह्यांचा तपास करत होतो. सकाळी सातला हजेरी, आदल्या दिवसाच्या तक्रारींचे वाटप, मग जो तो आपापल्या टेबलाशी. सोमवारी वाट्याला बहुधा गॅरेजमधून गेलेल्या सायकली यायच्या. त्या सोमवारी एटोबिकोतून एका बाईंचा फोन आला. गाड्यांच्या सीट शिवण्याचे त्यांचे दुकान होते. बाई मूळच्या पोर्तुगालच्या, आवाज खणखणीत.

"एका म्हाताऱ्या इंडियन गृहस्थांच्या गाडीची सीट मी शिवली होती," त्या म्हणाल्या. "काल ओकव्हिलच्या कार शोमध्ये ती सीट दिसली. गाडीपुढच्या कार्डावर नाव भलत्याचंच. सगळं काम स्वतःच्या हातांनी केलंय म्हणे! त्याला सुई कुठल्या बाजूनं धरतात ते विचारा जरा."

"त्यांनी गाडी विकली असेल, बाई."

"मीही त्याला तसंच विचारलं. तर म्हणाला, ते गृहस्थ वारले. म्हणून मी त्यांच्या घरी फोन केला, दोन शब्द बोलावेत म्हणून. मुलीनं उचलला. ते जिवंत आहेत, ऑफिसर! मग यानं त्यांना का मारलं?"

या प्रश्नाचे उत्तर पोलिसाला शिकवावे लागत नाही. ज्याला लुबाडायचे त्याला माणसे आधी मनातून मारून टाकतात. मग त्याच्या वस्तूला हात लावणे सोपे जाते.

काकांची मुलगी मला मिल्टनला त्यांच्याच घरी भेटली. पन्नाशीची, बँकेत अधिकारी, इथेच वाढलेली. गॅरेजमध्ये हत्यारे भिंतीवर ओळीने टांगलेली होती आणि मधली जागा रिकामी होती.

काका साठच्या दशकाच्या अखेरीस नागपूरहून इंजिनियर म्हणून आले. पहिल्या हिवाळ्यात हाल झाल्यावर त्यांनी शेजाऱ्याकडून चार दरवाज्यांची एक जुनी सेडान घेतली. काकू त्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकल्या. मुलगी हॉस्पिटलमधून त्याच गाडीतून घरी आली. पुढे नव्या गाड्या आल्या आणि ही गॅरेजमध्ये राहिली. काकू गेल्यावर काकांनी ती पुन्हा हाती घेतली आणि तिची ट्रॅडिशनल हॉट रॉड करायला घेतली. म्हणजे जुन्या घरगुती गाडीचे छत कापून ते बुटके करायचे, बाहेरच्या चकचकीत पट्ट्या काढायच्या, गाडी जमिनीलगत बसकी करायची आणि त्या काळातलेच एखादे दमदार इंजिन बसवायचे. नव्या जमान्याचा एक स्क्रूसुद्धा चालत नाही.

"हे खूळ कुठून आलं त्यांच्या डोक्यात?" मी विचारले.

"आईमुळे. ती नेहमी चिडवायची, ही कार म्हणजे पगडी घातलेले हेडमास्तर. सो बाबांनी पगडी कापली," ती म्हणाली. "सिरियसली. रूफ तीन इंच कमी केलं. एकट्यानं. सेव्हन इयर्स लागली त्यांना."

गाडी पुरी झाली त्याच पानगळीत काकांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि एका 'नाही'खेरीज वाचाही गेली. ते नर्सिंग होममध्ये होते. तेव्हा एक माणूस मदतीला धावला. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारा, काकांच्या हौशी मंडळातला ओळखीचा. दर शनिवारी चहाला यायचा आणि काकांची थट्टा करायचा, "हॉट रॉडला दोन दरवाजे असतात. तुझे जास्तीचे दोन आजीबाईंसाठी का?" त्याच माणसाने सुचवले की हिवाळाभर गाडी आपल्या उबदार शेडमध्ये ठेवू. किल्ली मुलीनेच दिली. वसंतात त्याने सांगितले की छताचे जोड तडकले होते, गाडी रस्त्यावर आणणे धोक्याचे होते आणि भंगारात द्यायला काकांनीच पूर्वी सांगून ठेवले होते. भंगारवाल्याची पावती त्याने दाखवली.

"आणि तुम्ही मानलंत?"

"ही वॉज सो नाइस अबाउट इट. बाबांना सांगितलं, तर ते 'नाही, नाही' करून हात आपटायला लागले. दर वेळी. नर्स म्हणाली, स्ट्रोकनंतर पेशंट कन्फ्यूज होतात. मग तिथल्या डॉक्टरांनी शांत राहायची गोळी वाढवली."

इथे मला पहिल्यांदा राग आला आणि तो तिच्यावर आला. माणूस एकच शब्द बोलू शकतो, तो शब्द तो पुन्हा पुन्हा बोलतो, आणि उत्तर म्हणून त्याला गोळी मिळते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे नर्सिंग होममध्ये गेलो. काका खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, चष्मा स्वच्छ. मी मराठीत नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून नीट पाहिले.

"ते सगळ्यालाच नाही म्हणतात," मुलगी हळूच म्हणाली.

साक्षीदारावर विश्वास ठेवण्याआधी त्याला पारखायची एक साधी रीत आहे. मी त्यांना भलतेसलते प्रश्न विचारले. तुम्ही डॉक्टर होता का? नाही. नागपूरचे? मान हलली. तुम्हाला दोन मुलगे? नाही, आणि डाव्या हाताचे बोट मुलीकडे गेले. तुमच्या गाडीला चार दरवाजे होते? मान जोरात हलली. गाडी भंगारात द्या असं तुम्ही सांगितलं होतं?

"नाही," काका म्हणाले. डोळ्यांतून पाणी आले आणि डाव्या मुठीने त्यांनी खुर्चीचा हात ठोकला. एक परिचारिका लगबगीने आली. मी तिला तिथेच थांबायला सांगितले, जरा चढ्या आवाजात. त्याची तक्रार नंतर ठाण्यावर आली, पण मला त्याचा पश्चात्ताप नाही.

मुलगी खाली बसली आणि तिने त्यांच्या मांडीवर डोके ठेवले. सहा महिने ते खरे सांगत होते.

ठाण्यात मी सार्जंटपुढे कागद ठेवले. तो म्हणाला, "हा दिवाणी वाद आहे. इन्शुरन्स बघून घेईल. चार दरवाज्यांच्या म्हाताऱ्या गाडीसाठी वॉरंट? तुझ्या गावचे आहेत म्हणून करतोयस का?"

"माझं गाव नाशिक. ते नागपूरचे. आमच्यात यावरूनही भांडणं होतात," मी म्हणालो. तो हसला आणि त्याने सही केली.

कार शोच्या कार्डावरचे नाव त्या शनिवारी चहाला येणाऱ्या माणसाचेच होते; वॉरंट घेऊन आम्ही गाडी ताब्यात घेतली. गर्द मरून रंगाची, बसकी, इतकी देखणी की सोबतचा कॉन्स्टेबल टोपी काढून उभा राहिला. पण अडचण लवकरच कळली. दरवाज्याजवळची, कारखान्यात ठोकलेल्या नंबराची पट्टी दुसऱ्याच गाडीची होती आणि त्या नंबराचे कागद या माणसाच्या नावावर चोख होते. त्याने त्याच मॉडेलचा एक गंजका सांगाडा विकत घेतला होता. त्याची पट्टी काढून काकांच्या गाडीला लावली आणि तो सांगाडा काकांच्या नंबरावर भंगारात घातला. मुलीला दाखवलेली पावती त्या सांगाड्याची होती. चॅसीवरचा आकडा गंजलेला होता आणि तज्ज्ञ काही छातीठोक सांगायला तयार नव्हता. सीट आणि इंजिनाबद्दल तो माणूस म्हणत होता, "ते सुटे भाग म्हाताऱ्याने मलाच दिले. बॉडी माझी, छत मी कापले." सीट शिवणाऱ्या बाईंची साक्ष त्यामुळे लंगडी पडली. छत कापणारा हात कुणाचा, हे सिद्ध केल्याशिवाय काकांची गाडी त्याचीच ठरणार होती.

मी आतले अस्तर उघडायला लावले. छत पेलणारे सहा उभे खांब असतात, त्यांना पिलर म्हणतात. छत बुटके करायचे तर सहाही कापून पुन्हा जोडावे लागतात. तुकड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून कारागीर त्यांवर आकडे कोरतो. आमचा तंत्रज्ञ टॉर्च घेऊन आत वाकला आणि मोठ्याने वाचू लागला. "नऊ. दोन. तीन. आठ. विचित्र क्रम आहे. पुढची दोन तर अक्षरंच वाटतात."

मी त्याला बाजूला करून आत पाहिले. अणकुचीदार हत्याराने स्वच्छ कोरले होते: १, २, ३, ४, ५, ६. चौथ्या पिलरवर आपला मराठी चार होता. त्याला तो उघड्या डोक्याचा आठ वाटला होता. आई मला रोज शुद्धलेखनाला बसवायची, तो वैताग चाळीस वर्षांनी उपयोगी पडला. मी बाहेर आलो आणि कुणाला काहीच बोललो नाही.

त्या माणसाला अटक केली, हक्क वाचून दाखवले, वकिलाशी फोनवर बोलू दिले. वकिलाने गप्प राहायला सांगितले असणार. पण स्वतःच्या हुशारीवर प्रेम असलेला माणूस गप्प राहू शकत नाही. कॅमेरा चालू होता. बोलणे इंग्रजीत झाले, इथे मराठीत देतो.

मी तासभर त्याला त्याच्या कौशल्याबद्दल बोलू दिले. मग विचारले, "पिलर कापताना गोंधळ होत नाही?"

"नवख्याचा होतो. मी खुणा करतो."

"कसल्या?"

"आकडे. एक ते सहा. ड्रायव्हरच्या बाजूनं पुढून सुरुवात, मग पलीकडची बाजू."

"या गाडीवरही?"

"अर्थात. अस्तराखाली असतील. बघा हवं तर."

"आणि त्या वेळी काका काय करत होते?"

तो हसला. "बिचारा! गोड म्हातारा होता. पाने-पक्कड हातात द्यायचा."

सात वर्षे एकट्याने खपलेल्या माणसाला त्याने हाताखालचा गडी करून टाकले होते. मी पहिला फोटो पुढे केला. "ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा पिलर. वाचा."

"नऊ," तो म्हणाला. मग थांबला. "म्हणजे, एक. घाईत केलेला."

"हा?" "दोन." "हा?" "तीन." "हा चौथा."

त्याने फोटो उलटा फिरवून पाहिला.

"वाचा ना. तुमचंच अक्षर आहे."

"आठ," तो शेवटी पुटपुटला.

"एक, दोन, तीन, आठ?"

पाचवा आणि सहावा फोटो मी समोर ठेवला, तेव्हा त्याने खुर्ची मागे सरकवली. मी कोऱ्या कागदावर एक ते सहा मराठीत लिहिले आणि फोटोंच्या शेजारी ठेवले. ज्या भाषेत काका आता बोलू शकत नव्हते, तिच्यात त्यांनी आधीच जबाब देऊन ठेवला होता.

त्याच्या चेहऱ्यावरचा गोडवा एका क्षणात गेला. "त्याला काय उपयोग त्या गाडीचा?" तो म्हणाला. "त्याला उठता येत नाही, बोलता येत नाही. माझ्याकडे निदान लोक तिला बघतात तरी." हे ऐकून मी खोलीबाहेर पडलो. आत थांबलो असतो तर माझी नोकरी गेली असती.

त्याच दुपारी मी काकांकडे गेलो. "काका, गाडी सापडली. तुमचीच आहे. सिद्ध झालं." त्यांनी डोळे मिटले. मुलगी म्हणाली, "बाबा, आय ॲम सॉरी. मी ऐकायला हवं होतं." त्यांनी डाव्या हाताने तिचा कान हलकेच पिरगळला. मग माझ्याकडे पाहून त्यांचे ओठ हलू लागले. बराच वेळ लागला.

"कधी?" ते म्हणाले.

"लवकर," मी म्हणालो.

गाडी मुद्देमाल म्हणून आमच्या आवारात होती. सरकारी वकिलाने मला विचारले होते की नुसत्या फोटोंवर भागेल का. कायद्यात सोय आहे. फोटो काढून, परवानगी घेऊन, वस्तू मालकाला आधीच परत देता येते. मी नको म्हणालो. ज्युरीने तो पत्रा, तो कोरलेला चार स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवा, असा माझा हट्ट होता. त्या आठच्या मी प्रेमात पडलो होतो. आरोपीचे वकील तारखा मागत राहिले. अटकेनंतरच्या अकराव्या महिन्यात काका गेले. गाडी त्यांच्यापासून वीस मिनिटांवर, ताडपत्रीखाली उभी होती. आणखी तीन महिन्यांनी, खटला उभा राहायच्या सकाळी, त्या माणसाने गुन्हा कबूल केला. चौथा पिलर कोर्टात कुणी पाहिलाच नाही.

मुलीला किल्ली देताना मी माफी मागितली. ती म्हणाली, "किल्ली मी दिली होती, ऑफिसर. तुम्ही नाही." ती मला सोडवत होती, पण मी सुटलो नाही. त्या चोरावरचा माझा राग कोर्टाने शिक्षा दिली तेव्हा निम्मा ओसरला. उरलेला कुणावर आहे हे मला ठाऊक आहे.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी कुठल्याही फिर्यादीला 'लवकर' म्हटले नाही. तारीख ठाऊक असेल तर तारीख सांगितली, नसेल तर ठाऊक नाही असे सांगितले. फिर्यादी म्हातारा असेल तर मुद्देमाल परत देण्याचा अर्ज मी आधी लिहीत असे आणि बाकीची फाईल नंतर. तरुण सहकारी हसायचे. मी हसू दिले. त्यांना अजून कुणी 'कधी?' असे विचारले नव्हते.