कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी

माटुंग्याच्या एका कॉलेजात मी संशोधनपद्धती शिकवते. प्रश्नावली कशी करावी, यावर माझी जीभ फार चालते. एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबू नका, उत्तर सुचवू नका, आणि नात्यातल्या माणसाला तर विचारूच नका, ते तुमचं मन राखायला बोलतं. पोरं माना डोलावतात. आणि मी बाई शहाणी, नव्या प्रश्नावलीची पहिली चाचणी घ्यायला गेले ती थेट आईकडे, लालबागला.

विषय होता चाळींतून एकटी राहणारी म्हातारी माणसं. आईही बाबा गेल्यापासून एकटीच आहे. म्हटलं, घरचीच आहे, पटकन उरकेल. कुठलं उरकतंय! दिवसभरात कोणाकोणाशी बोलणं होतं, एवढंच विचारलं, तर ती समोरच्या खोलीतली मंडळी विरारला गेली तिथपासून सुरू झाली. मग त्यांच्या सुनेचं बाळंतपण, मग हल्ली कुळथाचं पीठ कसं चांगलं मिळत नाही ते. मला मीटिंग गाठायची होती. मी खेकसले, आई, विचारलंय तेवढंच सांग ना, चारातला एक पर्याय निवड आणि मोकळी हो.

पुढची सगळी उत्तरं तिने एकेका शब्दात दिली. एकटं वाटतं का, या प्रश्नाशी आलो. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी, असे पर्याय मी भराभर वाचले. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"तुका खंयचा होया?"

मला कुठला हवा ते काय विचारतेस, तुझं सांग, म्हणून मी आणखीच चिडले. मग कधीच नाही लिही, म्हणाली. मी खूण केली आणि निघाले. तिने चहाचं आधण ठेवलं होतं, तेही सोडून.

पुढे मुलांना चाळी वाटून दिल्या. आईची चाळ एका चुणचुणीत मुलीकडे गेली. तिथे माझी आई राहते हे वर्गात कोणाला माहीत नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. लालबागची चाळ म्हणजे काही मिरवण्यासारखी गोष्ट नाही, असं मला अजूनही वाटतं. हे लिहितानासुद्धा लाज वाटते.

अनुभव सांगायला मुलगी वर्गात उभी राहिली. म्हणाली, कोपऱ्याच्या खोलीतल्या एका आजींनी तिला दुपारभर सोडलंच नाही. घावणे करून घातले. प्रश्न संपले तर विचारतात, अजून नाहीत का गो? वर्ग हसला. मीही हसले, आणि कोपऱ्याची खोली कोणाची ते मागाहून डोक्यात शिरलं.

"मॅडम, एकटेपणाच्या प्रश्नाला त्या आधी 'नेहमी' म्हणाल्या. मग म्हणाल्या, खोड ते, 'कधीच नाही' लिही. तुझ्या मॅडमना वाईट वाटेल."

प्रश्न तेच होते, त्याच क्रमाने. पोरीला कोणी पाठवलंय, ते आईने ओळखलं होतं. तरीही मी तिची मुलगी आहे, हे तिने पोरीला सांगितलं नव्हतं. माझं झाकायला.

"त्या तुम्हाला ओळखतात का, मॅडम?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "बस खाली."