माळ्यावरच्या चपला

मे १९८६, रविवार, दुपारचा चहा झाल्यावर. जागा आमची ओटी. हजर: मी, माझी वहिनी, वहिनीचा थोरला भाऊ आणि जिच्याबद्दल बैठक होती ती वहिनीची मुलगी, माझी भाची, वय सोळा. गैरहजर: माझा भाऊ, मुंबईत गोदीवर नोकरीला. त्याचं मत नेहमीप्रमाणे वहिनीनेच मांडलं.

विषय असा. मुलीची मूत्रपिंडं लहानपणापासून कमजोर. मुंबईच्या डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या: मीठ कमी, फळं अगदी बेताने, आणि रोज चालणं. पहिल्या दोन गोष्टी वहिनी कडक पाळायची. हापूसच्या दिवसांत पोरीला एक फोड मिळायची, तीही उपकार केल्यासारखी. तिसरी गोष्ट कुणी घेईना म्हणून मी घेतली. संध्याकाळी ऑफिसातून आले की तिला घेऊन पाखाडी चढायची. पाखाडी म्हणजे आमच्या वाडीतून वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर, जाणारी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. एस.टी.चा थांबा वर. दहावीची परीक्षा झाली होती, जुलैत कॉलेज सुरू होणार होतं आणि रोज रिक्षा परवडणारी नव्हती. पाखाडी चढता आली तर कॉलेज, नाहीतर घर. हे तिलाही माहीत होतं.

त्या शुक्रवारी अर्ध्या वाटेवर तिचे पाय गेले. बसली ती उठेना. खांद्याला धरून खाली आणावी लागली.

"वन्सं, तुम्हांला स्वतःचं पोर नाय, म्हणून दुसऱ्याचं घोड्यासारखं पळवताय," वहिनी म्हणाली.

"पळवत नाही, चालवते. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर मुंबईत बसलाय. त्यानं आमची पाखाडी बघितलीय?"

तिच्या भावाने मान डोलावली. "आजारी माणसानं पडून ऱ्हावं. बिघडलेली गाडी कोण चढावर घालतो?"

"वर्षभर उभी ठेवा आणि मग चालू करून दाखवा," मी म्हटलं.

"मला कॉलेजात जायचंय, मामा," भाची म्हणाली.

"जाशील गो बाय. आधी बरी हो."

"बरी कधी होणार?"

मामाने येताना आपल्या माडांची शहाळी आणली होती. त्यातलं एक कोयत्याने फोडून त्याने तिच्या हातात दिलं, आणि वहिनीने सांगितल्यावर पोरीच्या चपला वर्तमानपत्रात गुंडाळून शिडीने माळ्यावर टाकल्या. बैठक संपली.

दुसऱ्या दिवशी वहिनी बाजारात गेल्यावर मी रजा टाकली, खालच्या रस्त्यावर रिक्षा आणवली आणि मुलीला माझ्या जुन्या चपला घालून शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचे पाय तपासले, रक्त काढलं, आणि काय काय खातेस ते विचारलं. ती सांगत गेली. भात, घावणे, उकडून पाणी काढलेली भाजी. मासे क्वचित.

"आणि पितेस काय?"

"पाणी. आणि शहाळं."

"रोज?"

"सकाळी एक, दुपारी एक. भेटायला येतात ते आणखी आणतात."

डॉक्टरांनी तिला तिथेच दाखल करून घेतलं. मला बाहेर बोलावून म्हणाले, "चालण्याने पाय गेलेले नाहीत. शहाळ्यात पोटॅशियम असतं, हिची मूत्रपिंडं ते बाहेर टाकत नाहीत. आधी पायांतली शक्ती जाते. त्यानंतर हृदय थांबतं." मग म्हणाले, "ते उतरलं की हिला पुन्हा चालवा. हळूहळू, दम लागला की बसवा. पण झोपवून ठेवू नका, असलेले पायही जातील."

आमच्याकडे शहाळं खाण्यात धरत नाहीत. फळांतही धरत नाहीत. ते औषधात जातं. लघवीची कसलीही तक्रार म्हटली की शहाळं, आणि हिची तर जन्माची तक्रार. आंब्याच्या फोडीवर पहारा ठेवणाऱ्या घरात दारामागे सोललेल्या शहाळ्यांचा ढीग असायचा आणि तो कुणाच्या डोळ्यांवर येत नसे.

मुलगी घरी आल्यावर मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. मामा भडकला.

"माझ्या माडांना नावं ठेवायला डॉक्टरला फी दिलीत?"

"माडांना कोण बोलतंय? कोयता तुमच्या हातात होता."

तो उठून गेला, तो पुढे वर्षभर आमच्या ओटीवर आला नाही. मला त्याची उणीव भासली नाही.

वहिनी मात्र चुलीपुढे जाऊन बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "शहाळं मी माझ्या हातानं पाजलं, वन्सं. ते मी कुणाला सांगू?" मी काही म्हणणार, एवढ्यात तिने पदर खोचला. "शहाळी बंद. आणि चालणंपण बंद. तुमचंही नको, माझंही नको."

असा न्याय मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. चूक एकीची, शिक्षा मुलीला, आणि तीही अर्धी मला वाटून.

मी ऐकलं नाही. भाचीनेही ऐकलं नाही. माझ्या चपला तिला मोठ्या होत्या, त्यांना मागून नाडी बांधली. पहिल्या दिवशी विहिरीपर्यंत, मग पहिल्या वळणापर्यंत. वळणावर बसायची, श्वास जागेवर आला की म्हणायची, "चल आत्ये." वहिनी रोज दार लावून घ्यायची आणि आम्ही परत आलो की कडी काढायची. एका शब्दानेही विचारायची नाही, कुठवर गेलात.

जुलैत भाची वर थांब्यावर पोचली आणि एस.टी.त बसली. डबा वहिनीनेच भरला होता, पण हातात दिला नाही, उंबऱ्यावर ठेवला. कॉलेजची दोन्ही वर्षं मुलीने पूर्ण केली, माझ्याच चपलांत, आणि त्या झिजल्यावर मी घेऊन दिलेल्या दुसऱ्या जोडात.

तिच्या स्वतःच्या चपला त्याच वर्तमानपत्रात अजून माळ्यावर आहेत. साफसफाईला शिडी लावली की दिसतात. बाकीचं सगळं खाली उतरतं, पुसलं जातं, परत वर जातं. त्या चपला उतरवायचं काम वहिनीचं आहे. मी हात लावणार नाही.